खालच्याला सांगितलं का?

गेल्या जुलैमध्ये एका रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी माझा फोन वाजला. मी तिवस्याला घरी होतो. महिनाभर घरूनच काम करायची परवानगी मिळाली होती. बाहेर पाऊस असा कोसळत होता की टिनाच्या आवाजात रिंगटोन ऐकूच आली नाही, आईनं हलवून उठवलं. फोनवर माणूस नव्हता. मीच लिहिलेल्या प्रोग्रामनं मला उठवलं होतं.

शेकडो किलोमीटर लांब, एका शहराच्या जुन्या कचरा डेपोची उत्तरेकडची बाजू चोवीस तासांत ३१ मिलिमीटर सरकली होती. मी अलर्टची मर्यादा २५ ठेवली होती.

त्या शहराचं नाव लिहीत नाही, माझ्या कंपनीचंही नाही. आमचं काम थोडक्यात असं: जुन्या कचऱ्याच्या डोंगरावर सेन्सर बसवायचे, डोंगर किती सरकतोय, आत पाणी किती चढलंय, पाऊस किती झालाय हे मोजायचं, आणि गडबड दिसली की संबंधितांना कळवायचं. सेन्सर दुसरे लोक बसवतात. ‘गडबड’ म्हणजे नेमकं किती आणि ‘संबंधित’ म्हणजे नेमके कोण, हे ज्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं ती माझ्याकडे असते.

मी साइटवरच्या सुपरवायझरला फोन लावला. तो झोपेतच म्हणाला, “साहेब, पाऊस आहे. पावसात हलतंच ते. तुम्ही झोपा.”

सकाळी मेल आला. अलर्ट आला की करारानुसार सहा तास मशिनी बंद ठेवाव्या लागतात. त्या महिन्यातला हा चौथा अलर्ट होता आणि आधीच्या तीन वेळा काहीच झालं नव्हतं. तेव्हा मर्यादा ५० करावी. माझ्या मॅनेजरनं खाली एकच शब्द लिहिला होता: ‘प्लीज.’

मी २५ खोडून ५० लिहिलं. एका ओळीतला बदल, एक मिनिटाचं काम. तो उतार पडला नाही. आजपर्यंत पडलेला नाही. पडला असता तर कदाचित हा लेख लिहायची गरज नव्हती, मी चुकलो हे सगळ्यांना दिसलंच असतं. पण काहीच झालं नाही, आणि मी चुकलो की नाही हे मला ठरवता येईना.

*

आधी हा डोंगर उभा कसा राहतो ते सांगतो, कारण पुढचा सगळा प्रश्न त्यातूनच निघतो.

बाजार समितीत सोयाबीनचा ढीग पाहिलेल्या माणसाला उताराचं शास्त्र अर्धं माहीत असतं. पोतं ओतलं की दाणे घरंगळतात आणि एका ठरावीक कोनावर थांबतात. आणखी पोती ओता, ढीग उंच होतो, रुंद होतो, पण त्याचा उतार तोच राहतो. आणि हमालानं पायथ्याशी घमेलं घातलं की वरचे दाणे आपोआप खाली येतात. पायथ्याचं वजन वरच्याला अडवून धरत असतं. ते काढलं की वरचं सुटतं.

कचरा सोयाबीनसारखा वागत नाही. त्यात चिंध्या असतात, पिशव्या, दोऱ्या, पोत्यांचे तुकडे असतात. मातीत गवताची मुळं गुंतावीत तसं हे सगळं एकमेकांत गुंतून बसतं. त्यामुळे कचऱ्याची कड जवळजवळ उभी कापली तरी महिनोन्महिने तशीच उभी राहते. बघणाऱ्याला वाटतं, इतकी वर्षं पडलं नाही, आता काय पडतंय. तिथेच फसगत होते.

ही पकड सोडवणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत. पहिली पाणी. पावसाचं पाणी आत मुरलं की डोंगराचं वजन वाढतं, आणि त्याच वेळी ते थरांच्या फटींत शिरून त्यांना आतून फुगवतं. एकमेकांवर दाबून बसलेले थर सैल होतात, घर्षण कमी होतं. म्हणजे ओढणारं बळ वाढलं आणि धरून ठेवणारं घटलं, दोन्ही एकदम. दुसरी आग. कचरा सडताना मिथेन निघतो, आत आग धुमसत राहते आणि ज्या प्लास्टिक-चिंध्यांनी डोंगर बांधलेला असतो त्याच जळून जातात. तिसरी, खालची जमीन. मुंबईतलं देवनार किंवा गोराई खाडीकाठच्या मऊ चिखलावर उभं आहे. वरचा कचरा कितीही घट्ट असला तरी खालची जमीन सरकली की तोही सरकतो. आणि चौथे आपण: वरून डंपर रिकामे करत राहणारे आणि खालून पोकलेननं कापणारे.

हे होऊ शकतं एवढंच नाही, पुन्हा पुन्हा झालेलं आहे. १० जुलै २००० रोजी फिलिपिन्सच्या केझॉन सिटीत पायातास इथला कचऱ्याचा डोंगर वादळी पावसानंतर कोसळला, दोनशेहून जास्त माणसं गेली. २१ फेब्रुवारी २००५ ला इंडोनेशियात बांडुंगजवळ लेउविगाजाहला तीन दिवसांच्या पावसानंतर सुमारे २७ लाख घनमीटर कचरा सुटला आणि १४० हून अधिक लोक गाडले गेले. तिथे आतल्या धुमसत्या आगीनंही डोंगर पोखरला होता, असं नंतरच्या अभ्यासात दिसलं. २०१७ हे तर एकट्यानंच तीन घटनांचं वर्ष. मार्चमध्ये इथिओपियात आदिस अबाबाजवळ कोशे इथे शंभरहून जास्त मृत्यू, १४ एप्रिलला, नववर्षाच्या दिवशी, कोलंबोजवळच्या मीथोटामुल्लाला ३२, आणि १ सप्टेंबरला आपल्या दिल्लीत गाझीपूरला पावसानंतर डोंगराचा एक भाग सुटून रस्त्यावरच्या गाड्या शेजारच्या कालव्यात ढकलल्या गेल्या; दोघं गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये युगांडाच्या कंपालात किटेझीला पुन्हा तीसहून अधिक.

तारखा वाचताना एक गोष्ट लक्षात येते. गाझीपूरचे दोघं शेजारच्या रस्त्यावर होते. बाकी बहुतेक ठिकाणी मेलेली माणसं पायथ्याशी राहणारी किंवा डोंगरावर कचरा वेचणारी होती.

*

उतार सुरक्षित करायचे उपाय काही गूढ नाहीत. कड खूप उभी असेल तर ती सपाट करायची, म्हणजे एक मीटर उंचीला तीन मीटर पसरट होईल अशी. उंच उताराला मध्ये मध्ये पायऱ्या पाडायच्या. पायथ्याला मातीचा किंवा दगडाचा भराव टाकून त्याला पाय द्यायचा. वर माती आणि अस्तर घालून पावसाचं पाणी आत जाऊ द्यायचं नाही, आत साठलेलं काळं पाणी नळ्यांनी बाहेर काढायचं, गॅसला वाट करून द्यायची. कचरा उकरून, चाळून कमी करायचा असेल, ज्याला बायोमायनिंग म्हणतात, तर वरून खाली यायचं, पायथ्यापासून सुरुवात करायची नाही. आणि सतत मोजत राहायचं.

हे महाराष्ट्रात झालेलंही आहे. मुंबईत बोरिवलीजवळच्या गोराईला १९७२ पासून कचरा पडत होता. २००७ च्या शेवटी तो थांबला, तेव्हा सुमारे २० हेक्टरांवर २३ लाख टनांहून जास्त कचरा होता, आणि डोंगर २६ मीटरपर्यंत चढला होता. उतार नीट करून, वर अस्तर आणि माती घालून, गॅस गोळा करायची व्यवस्था करून दोनेक वर्षांत तो बंद केला गेला. वर हिरवळ लावली. म्हणजे पैसा आणि इच्छा असेल तर जमतं.

पण ‘सुरक्षित’ म्हणजे किती? इथे एक आकडा येतो. धरून ठेवणारं बळ भागिले ओढणारं बळ. उत्तर १ आलं तर उतार काठावर उभा आहे. १ पेक्षा कमी आलं तर तो पडतो. सर्वसाधारणपणे कायमच्या उताराला १.५ असावं असं मानतात, तात्पुरत्या उताराला, जिथे पडला तरी फारसं नुकसान नाही तिथे, १.३ सुद्धा चालवून घेतात.

मी कॉम्प्युटरवाला माणूस, सिव्हिलचा नाही. हे वाचलं तेव्हा मला वाटलं, १.५ हा कुठल्या तरी सूत्रातून निघाला असणार. तो सूत्रातून निघत नाही. सूत्र फक्त तुमचा उतार किती आहे ते सांगतं, किती असायला हवा ते माणसं ठरवतात. वरचं ०.५ म्हणजे आपण न मोजलेल्या गोष्टींसाठी ठेवलेली जागा. कचऱ्यात तर ती जास्तच लागते, कारण दर डंपरमध्ये वेगळा माल असतो आणि चाळीस वर्षांपूर्वी खाली काय टाकलं ते कुठेच लिहिलेलं नसतं.

आणि १.३ की १.५ हे ठरवण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं: पडला तर कोणावर पडेल?

आमच्या प्रकल्पाच्या नकाशात उत्तरेच्या उताराखाली पांढरी मोकळी जागा होती. त्या रात्री सुपरवायझरशी बोलून झाल्यावर मी फोनवर उपग्रहाचा फोटो उघडला. पांढऱ्या जागेवर टिनाची छपरं होती. मोजली. साठच्या पुढे गेल्यावर मोजणं सोडलं. वस्ती अनधिकृत होती, म्हणून ती नकाशात नव्हती, म्हणून आकडेमोडीतही नव्हती. कोणी वाईट हेतूनं ती पुसली नव्हती. नकाशा काढणाऱ्यानं अधिकृत तेवढं काढलं, गणित करणाऱ्यानं नकाशात होतं तेवढं घेतलं, आणि मी गणितात होतं तेवढं कोडमध्ये लिहिलं. तिघांनीही आपापलं काम बरोबर केलं होतं.

*

मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, “अरे, पण ते लोक स्वतःहून तिथे राहायला गेलेत ना? धोका त्यांनाही दिसतोय.”

हा मुद्दा हलका नाही. पायातासच्या पायथ्याशी जी वस्ती गाडली गेली तिचं नाव होतं ‘लुपांग पांगाको’, म्हणजे वचन दिलेली भूमी. डोंगराच्या सावलीत राहणाऱ्यांनी स्वतःच्या जागेला हे नाव दिलं असेल, तर ती जागा त्यांच्यासाठी फक्त मजबुरी नव्हती. तिथे काम होतं, छप्पर होतं. आपल्याकडेही तसंच आहे. कचरा वेचणं हे काम आहे आणि ते करणाऱ्यांनी त्यासाठी संघटना बांधल्या आहेत. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आहे. म्हणूनच ‘धोका आहे, वस्ती हटवा’ असं म्हणून मोकळं होता येत नाही. माणूस उताराखालून वाचतो आणि रोजगारातून जातो.

पण ‘त्यांनी धोका पत्करलाय’ या वाक्यात एक अट लपलेली आहे. पत्करायला तो माहीत असावा लागतो. डोंगर धोक्याचा आहे हे त्यांना माहीत आहे, मान्य. पण आज रात्री तो ३१ मिलिमीटर सरकलाय हे माहीत नाही. ते मला माहीत होतं. तिवस्यात, कोरड्या गादीवर. ज्याच्या अंगावर डोंगर येणार तो झोपलेला, आणि ज्याच्या अंगावर काहीच येणार नाही तो जागा. हा धोका त्यांनी पत्करला होता असं म्हणता येणार नाही. त्या रात्रीपुरता तरी तो मी त्यांच्या वतीनं पत्करला होता.

मॅनेजरची बाजूही सांगायला हवी, कारण तीही खोटी नाही. दर पावसाला अलर्ट गेला तर ‘लांडगा आला रे’ होतं. चार वेळा काही झालं नाही की पाचव्या वेळी कोणी उठत नाही. मर्यादा खूप खाली ठेवणं हाही निष्काळजीपणाच आहे, कारण त्यात आपलं अंग सुटतं: ‘आम्ही तर कळवलं होतं.’ म्हणजे २५ बरोबर आणि ५० चूक, इतकं ते सरळ नव्हतं. ५० च बरोबर असू शकत होतं. मला खुपत होतं ते वेगळंच. २५ चं ५० करताना ज्यांच्या वेळेचा हिशेब झाला ते सगळे मेलमध्ये होते. ज्यांच्या जिवाचा हिशेब व्हायला हवा होता त्यांतलं कोणीच नव्हतं.

*

हा डोंगर आहे कोणाचा, असाही विचार केला.

आमच्या घरामागे कोठ्याच्या बाजूला उकिरडा आहे, गावात त्याला उकंडा म्हणतात. शेण, कुटार, चुलीची राख, भाजीचे देठ त्यात पडतात आणि पावसाळ्याआधी गाडी भरून वावरात जातात. उकिरड्याचेही पांग बारा वर्षांनी फिटतात म्हणतात. आमच्या उकिरड्याचे दरवर्षी फिटायचे. गाडगेबाबांनी, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातल्या शेंडगावच्या डेबूजींनी, झाडूनं गावंच्या गावं झाडली, आणि इथून जवळच गुरुकुंज मोझरीत तुकडोजी महाराजांनी ग्रामसफाईचं व्रत लोकांच्या अंगवळणी पाडलं. मी त्याच संस्कारात वाढलो. अंगण झाडायचं, कचरा एका जागी करायचा. त्या काळच्या झाडूखाली जे यायचं ते मातीत परत जायचं. माझ्या झाडूखाली येतं ते जात नाही. मी माझं अंगण स्वच्छ करतो तेव्हा कोणाच्या तरी घरामागचा डोंगर एक पिशवी उंच होतो.

मला शहरात राहून सात वर्षं झाली. रोज अर्धा किलो कचरा धरला तर माझा एकट्याचा पावणेतेरा क्विंटल झाला. चांगल्या वर्षी दोन एकरांत आम्हाला एवढं सोयाबीन होतं. माझ्या नावाचा तो ढीग कुठे तरी आहे, फक्त त्यावर नाव नाही.

युबुलिडीस नावाच्या ग्रीक विचारवंताचं एक जुनं कोडं आहे. एक दाणा म्हणजे ढीग नाही. त्यात एक घातला तरी ढीग होत नाही. मग ढीग होतो कधी? त्याला वाटलं नसेल की हे कोडं कधी महापालिकांच्या कामाचं ठरेल. डेरेक पारफिट या इंग्लिश तत्त्वज्ञानं १९८४ च्या पुस्तकात त्याचीच काळी बाजू दाखवली: हजार माणसं प्रत्येकी एक बटण दाबतात, प्रत्येक बटणानं कैद्यांच्या वेदना जाणवणारही नाहीत इतक्या वाढतात. शेवटी वेदना असह्य होतात, आणि प्रत्येक जण म्हणू शकतो, माझ्या बटणानं तर काहीच झालं नाही. पारफिटचं उत्तर असं की माझ्या एकट्याच्या कृतीनं काय झालं एवढंच विचारणं हीच चूक आहे. आपण सगळ्यांनी मिळून काय केलं, हेही विचारावं लागतं.

आम्ही प्रोग्रामर लोक ‘गिट ब्लेम’ नावाची एक कमांड वापरतो. कुठल्याही फाइलवर ती चालवली की प्रत्येक ओळीसमोर ती कोणी, कधी लिहिली ते येतं. कचऱ्याच्या डोंगराला ब्लेम चालवता येत नाही. कोणत्या थरातली कोणती पिशवी कोणाची, ते कधीच कळणार नाही. सरकारी भाषेत या कचऱ्याला ‘लेगसी वेस्ट’ म्हणतात, वारशानं आलेला कचरा. जुन्या, कोणी हात लावायला धजत नाही अशा कोडलाही आम्ही लेगसीच म्हणतो. पण त्यातही नियम आहे: लिहिलं कोणीही असो, आज ते ज्याच्या हातात आहे त्यानं ते सांभाळायचं. वारसा म्हटला की वडिलांची जमीन येते तसं वडिलांचं कर्जही येतं.

त्या डोंगरात माझं नाव सापडणार नाही. पण ५० या आकड्यासमोर सापडतं. तारीख आणि वेळेसकट.

*

त्या दिवशी पाऊस उघडल्यावर बाबांसोबत वावरात गेलो. आमची जमीन काळी, पाणी धरून ठेवणारी. सोयाबीन गुडघाभर झालं होतं आणि खालच्या अंगाला पाणी साचून पिवळं पडत होतं. बाबा फावडं घेऊन धुऱ्याशी उभे होते, पण धुरा फोडत नव्हते.

“काऊन थांबले?” मी विचारलं.

“फोडलं त पानी खालच्याच्या वावरात जाते. त्याले फोन लावला, येऊन राह्यला तो.”

“आन त्यानं नाई म्हटलं त?”

“नाई म्हनन त भांडन होईन. होऊ दे. पन न सांगता फोडलं त मी त्याले मानसात धरलंच नाई, असं होते.”

मग त्यांनी रात्रीच्या फोनचं विचारलं. मी सगळं सांगितलं: डोंगर, सेन्सर, २५, ५०. ते ऐकत होते. सेन्सर काय असतो ते त्यांनी विचारलं नाही, पाणी कुठून निघतं ते विचारलं. मग म्हणाले, “तू खालच्याले सांगतलं काय?”

मी म्हणालो, सुपरवायझरला सांगितलं.

“तो खाली राह्यते काय?”

मी घरी येऊन लॅपटॉप उघडला. फाइलमध्ये अलर्ट कोणाला जायचा त्याची यादी होती. सात ईमेल. ठेकेदाराचे दोन, सल्लागाराचा एक, कार्यालयातले दोन, आमचे दोन. सातांतला एकही माणूस त्या डोंगराखाली झोपत नव्हता. ती यादी मीच टाइप केली होती आणि वर्षभरात एकदाही तिच्याकडे पाहिलं नव्हतं. मी सगळा वेळ आकड्यावर भांडत होतो. यादीवर कोणीच भांडत नव्हतं, मीही नाही.

मला वाटतं, ‘किती सुरक्षित म्हणजे पुरेसं सुरक्षित’ या प्रश्नाचं उत्तर एकट्यानं बसून काढता येत नाही. १.५ असो की ५० मिलिमीटर, प्रत्येक आकड्यात थोडा धोका उरतोच, आणि तो कोणाच्या तरी वाट्याला जातो. तो शून्य करता येणार नाही, पण ज्याच्या वाट्याला जातो त्याला तो सांगता येतो. त्याच्या तोंडावर जो आकडा सांगायची आपल्याला लाज वाटेल, तो आकडा कितीही शास्त्रशुद्ध असला तरी चुकीचा आहे. बाबांना धुरा फोडायचा हक्क होता की नाही यावर वाद होऊ शकतो. सांगायचं होतं की नाही, यावर नाही.

*

मी फार काही केलं नाही. मशिनी थांबवायची मर्यादा ५० च राहिली. मी सुचवलं की २५ ला वेगळा, फक्त माहितीचा संदेश जावा आणि तो पायथ्याच्या लोकांनाही जावा. आधी उत्तर आलं की घबराट पसरेल. मग आलं की तिथे अधिकृतपणे कोणी राहतच नाही, तर पाठवणार कोणाला. मी उपग्रहाचा फोटो जोडून पुन्हा मेल केला. भोंगा बसवायला खर्च मंजूर झाला नाही. शेवटी, त्या शहरात कचरावेचकांबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांकडून दोन बायकांचे नंबर मिळाले आणि त्यांच्या संमतीनं ते यादीत घातले. सातचे नऊ झाले.

संदेश मी मराठीत लिहिला: ‘उत्तरेकडची बाजू आज नेहमीपेक्षा जास्त सरकली आहे. त्या बाजूला वर चढू नका, खाली झोपू नका.’ मॅनेजरनं ‘खाली झोपू नका’ काढायला सांगितलं होतं. ते मी काढलं नाही, आणि नंतर कोणी विचारलंही नाही.

ऑगस्टच्या शेवटी एका पावसात मर्यादा ओलांडली गेली. २८. संदेश गेला. वीस मिनिटांनी त्यांतल्या एका नंबरवरून उत्तर आलं. उत्तर येईल असं मी धरलंच नव्हतं. प्रोग्राममध्ये उत्तर घ्यायची सोयच नव्हती, ते माझ्या टेस्टिंगच्या फोनवर आलं.

‘काल दुपारीच वर लांब भेग पाहिली होती. पायथ्याशीही फुगलंय. कोणाला सांगायचं ते माहीत नव्हतं.’

भेग आमच्या दोन सेन्सरच्या मधोमध होती. त्यांना ती एक दिवस आधी दिसली होती. माझ्याकडे सात ईमेल होते, त्यांच्याकडे एकही नंबर नव्हता.

मी सुपरवायझरला फोन लावला. या वेळी मिलिमीटर सांगितले नाहीत. भेग आहे म्हणालो, कुठे आहे ते सांगितलं, आणि कोणी पाहिली तेही. तो बॅटरी घेऊन वर गेला. दुसऱ्या दिवशी वरचे डंपर दुसऱ्या बाजूला वळवले, भेगेत पाणी जाऊ नये म्हणून ताडपत्री घातली, आणि आठवड्याभरात पायथ्याला मुरूम-दगडाचा भराव पडला.

उतार अजून उभा आहे. त्याखालची छपरंही. आज पुन्हा आकाश भरून आलंय, इथे तिवस्यात आणि अॅपवर दिसतंय त्याप्रमाणे तिथेही. उत्तर घ्यायची सोय प्रोग्राममध्ये अजून मंजूर झालेली नाही. तोवर मी त्या दोघींना माझा स्वतःचा नंबर दिला आहे.